मैदान एक, नावे अनेक : ऑरलँडोचे स्टेडियम आणि फिरत्या घरांचा दुकानदार

१/
अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो नावाचे शहर आहे. जगाला ते डिस्नेच्या करमणूकनगरीमुळे ठाऊक आहे. या शहराच्या मध्यवस्तीच्या पश्चिमेला महापालिकेच्या मालकीचे एक प्रचंड स्टेडियम उभे आहे. २०१६ पासून त्याच्या दर्शनी भागावर झळकणारे नाव आहे ‘कॅम्पिंग वर्ल्ड स्टेडियम’. हे नाव कोणा खेळाडूचे नाही, राज्यकर्त्याचे नाही, एखाद्या हुतात्म्याचेही नाही. ते फिरती घरे विकणाऱ्या एका दुकानदार कंपनीचे आहे.

२/
फिरते घर म्हणजे तिकडे ज्याला ‘आरव्ही’ म्हणतात ते वाहन : कधी मोटरीला जोडून ओढायचा ट्रेलर, तर कधी स्वतःच्याच इंजिनावर धावणारे मोटरहोम. आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, सारे काही असते. अशी वाहने विकणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव सार्वजनिक मैदानाला मिळावे, हे ऐकताच इतिहासप्रेमी मनुष्य नाक मुरडतो. ‘सगळेच विकायला काढले’ हा त्याचा पहिला उद्गार असतो. हा उद्गार अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे, हे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

३/
प्रारंभ १९३६ पासून करावा लागतो. महामंदीच्या काळात बेकारांच्या हाताला काम मिळावे म्हणून रूझवेल्ट सरकारने ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही योजना चालवली होती. रस्ते, पूल, शाळा, टपाल कचेऱ्या यांच्याबरोबरच गावोगावची मैदानेही तिच्यातून उभी राहिली. ऑरलँडोचे स्टेडियम त्यांपैकीच एक होते. खर्च सुमारे १,१५,००० डॉलर आणि प्रेक्षकांची सोय नऊ हजारांच्या आतबाहेर. नाव अगदी साधे : ‘ऑरलँडो स्टेडियम’. सरकारी पैशातून, मजुरांच्या घामातून उभे राहिलेले हे मैदान होते.

४/
हेच १९३६ साल फिरत्या घरांच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. वॉली बायम यांनी त्याच वर्षी ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हा ॲल्युमिनियमचा, विमानासारख्या गुळगुळीत अंगाचा ट्रेलर बाजारात आणला. त्याची किंमत १,२०० डॉलर होती. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती, तरीही त्याला गिऱ्हाईक मिळाले. घर सोबत घेऊन निघण्याचे स्वप्न मध्यमवर्गाच्या मनात तेव्हाच घर करून बसले होते.

५/
आणि याच १९३६ साली न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिका प्रथम प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावात खोली मिळेल, कोणत्या खाणावळीत जेवण मिळेल, कोठे अपमान न होता मुक्काम करता येईल, याची ती यादी होती. एकाच देशात, एकाच वर्षी एका समाजासाठी मोकळा रस्ता हे स्वप्न होते आणि दुसऱ्या समाजासाठी तोच रस्ता म्हणजे पावलोपावली दक्षता घेण्याचा प्रसंग होता. या दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ऑरलँडोच्या मैदानाची कथा कळत नाही.

६/
फ्लोरिडाचा फिरत्या घरांशी संबंध कंपनीच्या जाहिरातीपुरता नाही. १९१९ साली याच राज्यातील टँपा शहराच्या डी सोटो उद्यानात मोटरीने भटकंती करणाऱ्यांची ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना स्थापन झाली. उत्तरेकडील कडाक्याचा हिवाळा चुकवून दक्षिणेत येणारे हे लोक मोटरीलाच तंबू जोडून राहत आणि डबाबंद अन्नावर दिवस काढत. स्थानिक लोक त्यांची थट्टाही करत आणि त्यांच्याकडून धंदाही करून घेत. पाहुणा चाकांवरचे बिऱ्हाड घेऊन येतो, ही गोष्ट फ्लोरिडात स्टेडियमपेक्षा जुनी आहे.

७/
आता नावाकडे वळू. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हंगामाच्या अखेरीस निमंत्रित संघांचे विशेष सामने होतात. त्यांना ‘बोल’ म्हणतात. पासाडेनाचा रोझ बोल, मायामीचा ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल, डॅलसचा कॉटन बोल : गुलाब, संत्री, साखर, कापूस. ही नावे काव्यात्म वाटतात, पण ती मुळात बाजारपेठेची नावे आहेत. ‘आमच्याकडे ऐन हिवाळ्यात फुले फुलतात, फळे पिकतात; या, पैसा गुंतवा, जमीन घ्या’ असे सांगणारी ती शहरांची जाहिरात होती.

८/
ऑरलँडोच्या आसमंतात तेव्हा लिंबूवर्गीय फळांच्या बागा पसरल्या होत्या. १ जानेवारी १९४७ रोजी येथे पहिला ‘टँजरिन बोल’ खेळला गेला. एल्क्स या सेवाभावी मंडळाने तो भरवला होता आणि अपंग मुलांच्या रुग्णालयासाठी निधी उभारणे हा त्याचा हेतू होता. हेतू उदात्त होता, फळ गोड होते, आणि मैदानही लोकांच्या पैशाचे होते. मात्र त्या ‘लोकां’मध्ये सगळे लोक मोजले जात नव्हते.

९/
१९५८ सालचा प्रसंग पाहा. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो विद्यापीठाच्या संघाने त्या हंगामात उत्तम खेळ केला आणि त्याला टँजरिन बोलचे निमंत्रण आले. विद्यापीठाच्या इतिहासातील हे पहिलेच बोल निमंत्रण होते. आनंद फार काळ टिकला नाही. स्टेडियमचा ताबा भाडेपट्ट्याने ऑरलँडोच्या शालेय क्रीडा मंडळाकडे होता आणि त्या मंडळाच्या नियमानुसार गोऱ्या व कृष्णवर्णीय खेळाडूंना एकत्र खेळण्यास बंदी होती.

१०/
बफेलोच्या संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते : विली इव्हान्स आणि माइक विल्सन. या दोघांना वगळून या, असा निरोपाचा अर्थ होता. प्रशिक्षक डिक ऑफेनहॅमर यांच्या या संघाने निर्णय स्वतः घेतला. दोघे खेळणार नसतील तर कोणीच खेळणार नाही, असे एकमताने ठरले आणि निमंत्रण परत गेले. त्या वर्षीचा सामना दुसऱ्याच संघांमध्ये पार पडला.

११/
त्या निर्णयाची किंमत किती होती? बफेलोच्या संघाला बोल सामना खेळण्यासाठी अर्धशतक थांबावे लागले. ३ जानेवारी २००९ रोजी कॅनडातील टोरांटो येथे त्यांनी आपला पहिला बोल सामना खेळला. तो ते हरले. पण गुणफलकावर ज्याची नोंद होत नाही, असा एक विजय त्यांच्या खाती पन्नास वर्षांपूर्वीच जमा झालेला होता.

१२/
येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. इव्हान्स आणि विल्सन यांना ज्या मैदानाने नाकारले, त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. त्या काळी ते पूर्णतः ‘सार्वजनिक’ होते. ‘पूर्वीचे नाव पवित्र, आताचे नाव बाजारू’ असा सरळ हिशेब मांडणाऱ्यांनी या प्रसंगापाशी थांबावे. नाव विकले गेले नव्हते, तेव्हाही मैदान सर्वांचे नव्हते.

१३/
फिरस्त्यांच्या जगातही हेच चालले होते. १९३६ मध्येच व्हर्जिनियातील शेनांडोआ राष्ट्रीय उद्यान खुले झाले आणि १९३९ मध्ये तेथे ‘लुईस माउंटन’ हे मुक्कामाचे ठिकाण केवळ कृष्णवर्णीयांसाठी राखून सुरू करण्यात आले. डोंगर एक, चांदणे एक, पण तंबू ठोकायची जागा जातीप्रमाणे निराळी, असा तो मामला होता. पाणवठ्याचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

१४/
मग आले १९६४. ६ मार्च रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ऑरलँडोला आले आणि स्टेडियमच्या अगदी लगत असलेल्या ‘टिंकर फील्ड’ या बेसबॉलच्या मैदानावरून त्यांनी लोकांशी संवाद साधला. हे मैदान जो टिंकर या नामांकित बेसबॉलपटूच्या नावाने ओळखले जाई. त्याच वर्षी जुलैमध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला. ज्या परिसरात सहा वर्षांपूर्वी दोन खेळाडूंना प्रवेश नाकारला गेला, त्याच परिसरात समतेची मागणी जाहीरपणे उच्चारली गेली.

१५/
डिसेंबर १९६६ मध्ये याच स्टेडियममध्ये मॉर्गन स्टेट हा संघ टँजरिन बोल खेळायला उतरला. मॉर्गन स्टेट ही कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची परंपरा असलेली संस्था. अर्ल बँक्स यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या या संघाने वेस्ट चेस्टरचा १४–६ असा पराभव केला. पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळवणारा विली लॅनियर याच संघाचा खेळाडू होता. आठ वर्षांपूर्वी दोघांना बंद असलेले दार आता अख्ख्या संघासाठी उघडले होते.

१६/
१९६६ हेच वर्ष आपल्या कथेतील दुकानदाराच्या जन्माचेही आहे. केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे बीच बेंड नावाचे उद्यान होते. ते गार्व्हिन कुटुंबाचे होते. तेथे मुक्कामाला येणाऱ्या फिरस्त्यांना लागणारे सामान विकण्याचे दुकान डेव्हिड गार्व्हिन यांनी काढले. तेच ‘कॅम्पिंग वर्ल्ड’. त्याच वर्षी आयोवातील विनेबॅगो कंपनीने आपले मोटरहोम बाजारात आणले. आणि ग्रीन बुकची शेवटची आवृत्ती १९६६–६७ ची आहे. या घटना एकमेकींतून निघालेल्या नाहीत. कालगणनेतला योगायोग म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. पण कायद्याने बंद दारे उघडत असताना रस्त्यावरच्या मोकळेपणाचा व्यापारही वाढत होता, एवढे चित्र त्यांतून स्पष्ट दिसते.

१७/
पुढच्या अर्धशतकात हा व्यापार पालटला. फिरती घरे बनवणारे कारखाने प्रामुख्याने इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात एकवटले. कारखानदार गिऱ्हाइकाला थेट माल विकत नाही. तो विक्रेत्यामार्फत जातो. हे विक्रेते पूर्वी बहुतेक गावोगावचे कौटुंबिक व्यावसायिक होते. कॅम्पिंग वर्ल्डने मार्कस लेमोनिस यांच्या नेतृत्वाखाली अशा पेढ्या एकामागून एक विकत घेतल्या आणि त्यांची देशव्यापी साखळी केली.

१८/
स्टेडियमच्या नावाचे रहस्य येथेच आहे. अशा विक्रेत्याच्या आवारात अनेक कारखान्यांची वाहने उभी असतात. वाहनावर नाव कारखान्याचे असते. तेच वाहन दुसऱ्या गावातील दुसरा विक्रेताही विकत असतो. मग या दुकानदाराचे स्वतःचे असे काय? फक्त त्याचे नाव. शिवाय फिरते घर ही माणूस आयुष्यात एकदा-दोनदा घेतो अशी महागडी वस्तू. ती घेण्याची वेळ येईल तेव्हा ओठांवर आपलेच नाव यावे, यासाठी ते वर्षानुवर्षे कानांवर पडत राहावे लागते. दूरचित्रवाणीवर प्रत्येक सामन्याच्या वेळी ते उच्चारले जावे लागते.

१९/
आणखी एक कारण म्हणजे ‘टेलगेटिंग’. सामन्याच्या दिवशी सकाळपासूनच वाहनतळावर चुली पेटवून, खुर्च्या मांडून मेजवानी करण्याची ही अमेरिकन रीत. दूरच्या गावांतून आपल्या संघामागे येणारे अनेक चाहते मोटरहोमनेच येतात. यात्रेला बैलगाड्या सोडाव्यात तसा तेथे तळ पडतो. मोटर शर्यतींच्या बाबतीतही हेच. म्हणून कॅम्पिंग वर्ल्डने २००९ पासून नॅस्करच्या ट्रक शर्यतींच्या मालिकेलाही आपले नाव दिले होते. गिऱ्हाईक जेथे मुक्काम करते, तेथेच दुकानाची पाटी लावली, इतका हा सरळ व्यवहार आहे.

२०/
नावाच्या विक्रीची प्रथाही नवी नाही. १९५३ मध्ये सेंट लुईसचे मैदान ॲनहॉयझर-बुश या मद्य कंपनीच्या ताब्यात आले तेव्हा त्याला ‘बडवायझर’ हे बिअरचे नाव देण्याचा विचार होता. त्याला विरोध झाला, तेव्हा मालकांनी ‘बुश’ हे घराण्याचे नाव दिले आणि दोन वर्षांत ‘बुश’ नावाची बिअरच बाजारात आणली. १९७३ मध्ये बफेलो येथील नव्या स्टेडियमचे नाव रिच प्रॉडक्ट्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीने पंचवीस वर्षांसाठी १५ लाख डॉलरना घेतले. होय, तेच बफेलो.

२१/
ऑरलँडोमध्येही कॅम्पिंग वर्ल्ड हा पहिला गिऱ्हाईक नव्हता. १९८३ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या लिंबूवर्गीय फळ विभागाने अडीच लाख डॉलर मोजले आणि स्टेडियम ‘फ्लोरिडा सिट्रस बोल’ झाले. २०१६ मध्ये ‘आमचे जुने, जिव्हाळ्याचे नाव गेले’ अशी हळहळ ज्या नावासाठी व्यक्त झाली, ते नावही विकतच घेतलेले होते. फरक एवढाच, की तेहतीस वर्षांत लोक पावती विसरले आणि नाव तेवढे लक्षात राहिले.

२२/
दैवदुर्विलास असा, की नाव झळकले त्याच दशकात बागा गेल्या. डिसेंबर १९८३, जानेवारी १९८५ आणि डिसेंबर १९८९ या तीन भयंकर थंडीच्या लाटांनी मध्य फ्लोरिडातील झाडे गोठून मेली. बागायतदारांनी जमिनी विकल्या, तेथे वसाहती आणि हॉटेले उभी राहिली. १९७१ मध्ये डिस्ने वर्ल्ड आले होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिरत्या घरांसाठीचा त्यांचा ‘फोर्ट विल्डरनेस’ हा तळही सुरू झाला होता. फळांचे शहर हळूहळू प्रवाशांचे शहर बनले. या दृष्टीने २०१६ चे नाव शहराच्या अर्थव्यवस्थेचे अधिक प्रामाणिक वर्णन आहे, असेही म्हणता येईल.

२३/
महाराष्ट्रातील वाचकाने हा व्यवहार परका समजू नये. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला मैदानासाठी जमीन हवी होती, तेव्हा अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांना, सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, अशा अर्थाचा प्रश्न केल्याची आख्यायिका क्रिकेटविश्वात सांगितली जाते. जमीन मिळाली आणि १९३७ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियम खुले झाले. ऑरलँडोच्या मैदानाहून ते फक्त एका वर्षाने धाकटे. किंमत डॉलरमध्ये चुकवा की जमिनीत, नावाला मोल असते हे दोन्हीकडे सारखेच.

२४/
मग आक्षेप कशाला घ्यायचा? नाव विकले याला नव्हे. आक्षेप आहे तो नावाबरोबर स्मृतीही निकालात काढण्याला. स्टेडियमच्या पुनर्बांधणीवर वीस कोटींहून अधिक डॉलर खर्च झाले. त्यासाठी मुख्यतः पर्यटकांच्या मुक्कामावरील कराचा पैसा वापरला गेला. म्हणजे वास्तू पुन्हा एकदा सार्वजनिक पैशातूनच उभी राहिली, १९३६ सारखीच. आणि विस्तारलेल्या स्टेडियमला शेजारचे टिंकर फील्ड अडचणीचे वाटू लागले. २००४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत समाविष्ट झालेल्या त्या मैदानाची प्रेक्षागॅलरी २०१५ मध्ये पाडण्यात आली.

२५/
घटनांचा क्रम नीट पाहावा. २०१५ मध्ये डॉ. किंग यांच्या सभेची साक्षीदार असलेली गॅलरी गेली आणि २०१६ मध्ये नवे नाव आले. पाडकामाचा दोष नाव घेणाऱ्या कंपनीला देता येणार नाही. तो निर्णय शहराचा होता. पण याच क्रमातून मूळ प्रश्न उभा राहतो. शहराने नावाची किंमत ठरवली, गॅलरीच्या जागेची किंमत ठरवली. मात्र १९५८ च्या नकाराची, १९६४ च्या सभेची आणि १९६६ च्या विजयाची किंमत कोणत्याही कोष्टकात बसली नाही. ज्याची किंमत मांडता येत नाही ते फुकट समजण्याची चूक नगरपालिका करतात. इतिहासाच्या अभ्यासकाने ती करू नये.

२६/
दुसरा धोका अस्थैर्याचा. ह्यूस्टनच्या बेसबॉल मैदानाला २००० मध्ये एन्रॉनचे नाव मिळाले. कंपनी कोसळल्यावर २००२ मध्ये संघाला ते नाव उतरवण्यासाठी उलट सुमारे २१ लाख डॉलर द्यावे लागले. फिरत्या घरांचा धंदाही असाच चढउतारांचा आहे. २०२१ मध्ये कारखान्यांतून सुमारे सहा लाख वाहने बाहेर पडली. २०२३ मध्ये हा आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. ऑरलँडोत होणारा दुसरा बोल सामना २०१७ ते २०१९ ‘कॅम्पिंग वर्ल्ड बोल’ होता. मग तो एका चीज बिस्किटाच्या नावाने झाला आणि २०२३ पासून ‘पॉप-टार्ट्स’ या नाश्त्याच्या पदार्थाच्या नावाने होतो. अशा नावांच्या भरवशावर शहराची स्मृती सोपवणे म्हणजे वाळूवर शिलालेख कोरणे होय.

२७/
उपाय नाही असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २००४ मध्ये कौल दिला, की चालू करार संपताच महापालिकेच्या स्टेडियमला ‘कँडलस्टिक’ हे जुने नाव परत मिळावे. २००८ मध्ये ते मिळालेही. याहून बोलके उदाहरण आयोवा स्टेट विद्यापीठाचे आहे. जॅक ट्राइस हा त्या विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ऑक्टोबर १९२३ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात झालेल्या दुखापतींमुळे दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

२८/
पन्नास वर्षांनी, १९७० च्या दशकात, तेथील विद्यार्थ्यांनी ही विस्मृतीत गेलेली कथा उजेडात आणली आणि नव्या स्टेडियमला ट्राइसचे नाव द्यावे म्हणून चळवळ केली. १९८४ मध्ये केवळ खेळपट्टीला नाव मिळाले. विद्यार्थी येत गेले, पदव्या घेऊन जात राहिले, मागणी मात्र टिकून राहिली. १९९७ मध्ये संपूर्ण स्टेडियम ‘जॅक ट्राइस स्टेडियम’ झाले. आज तेथील खेळपट्टीवर एका वीज कंपनीचे नाव आहे, पण स्टेडियम ट्राइसचेच आहे. पैसा आला आणि स्मृतीही राहिली. हाच आयोवा स्टेटचा संघ डिसेंबर २०१९ मध्ये ऑरलँडोत, कॅम्पिंग वर्ल्ड स्टेडियममध्ये, कॅम्पिंग वर्ल्ड बोल खेळून गेला.

२९/
या दोन स्टेडियमांमधला भेद व्यापार असण्या-नसण्याचा नाही; दोन्हीकडे व्यापार आहे. भेद एवढाच आहे, की एका ठिकाणी विक्रीस काय काढायचे आणि काय नाही हे आधी ठरले. नावाच्या करारात भाड्याची रक्कम, पाट्यांचा आकार, दिव्यांचे रंग यांची कलमे असतात. त्यांतच एक कलम असावे : या जागेची पूर्वीची सर्व नावे आणि येथे घडलेल्या घटना प्रवेशद्वारी कायम कोरलेल्या राहतील, आणि नावाच्या उत्पन्नातील काही भाग त्यांच्या जतनासाठी वापरला जाईल. विकत घेणाऱ्याचाही यात तोटा नाही. ‘मोकळा रस्ता’ विकणाऱ्या व्यापाऱ्याला, तो रस्ता एकेकाळी सर्वांसाठी मोकळा नव्हता हे सांगण्याची संधी क्वचितच इतक्या योग्य जागी मिळते.

३०/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मैदानाचे नाव हे ताम्रपटासारखे साधन आहे. दान कोणी दिले, कोणत्या काळात, बदल्यात काय मिळाले, हे त्यावरून वाचता येते. साधे शहराचे नाव मंदीतील सरकारी मदतीची खूण, टँजरिन आणि सिट्रस ही बागायतदारांच्या वैभवाची, आणि कॅम्पिंग वर्ल्ड ही चाकांवर फिरणाऱ्या देशाची. पण ताम्रपटावर दात्याचे नाव असते, नांगर धरणाऱ्याचे नसते. विली इव्हान्स आणि माइक विल्सन यांची नावे ऑरलँडोच्या कोणत्याही करारात नाहीत. ती शोधून, वाचून, दुसऱ्याला सांगणे हे काम विकत घेता येत नाही, आणि म्हणूनच ते वाचणाऱ्यांच्या वाट्याला येते.